रोजच्या रेल्वे प्रवासासाठी फोल्डिंग सायकल घ्यावी, की मोठीच बरी?

मलप्रभाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातील एका गावात राहते आणि नोकरीसाठी रोज बेळगावला ये-जा करते. घरापासून खानापूर स्टेशन तीन किलोमीटर आहे, तिथून रेल्वेने सुमारे २५ किलोमीटर, आणि बेळगाव स्टेशनवर उतरल्यावर हिंडलग्याच्या बाजूला असलेले माझे कार्यालय आणखी पाचेक किलोमीटर लांब आहे. घर ते स्टेशन मी माझ्या जुन्या २६ इंची लेडीज सायकलने जाते आणि ती स्टेशनबाहेर ओळखीच्या एका दुकानाच्या आडोशाला लावते. बेळगावात उतरल्यावर मात्र रोज रिक्षा करावी लागते. कर्नाटक सरकारची शक्ती योजना ११ जून २०२३ रोजी सुरू झाल्यापासून साध्या बसला आम्हा बायकांना पैसे पडत नाहीत, ही मोठीच सोय झाली आहे. पण स्टेशनवरून आधी मध्यवर्ती बसस्थानक गाठायचे आणि तिथून हिंडलग्याची बस धरायची, तर कार्यालयाची वेळ टळून जाते.

म्हणून घडी घालून गाडीत नेता येईल अशी २० इंची चाकांची सायकल घ्यावी, असे मनात आहे. घरच्यांचे म्हणणे आहे की एवढ्याशा चाकांना पायडल मारून मारून पाय भरून येतील आणि ती सायकल मुलांच्या खेळण्यासारखी दोन वर्षांत खिळखिळी होईल. मला स्वतःला वेगळ्या शंका आहेत. आमच्या गावच्या रस्त्याला खडी वर आली आहे आणि पावसाळ्यात तांबड्या चिखलाखाली खड्डा दिसत नाही. मी बहुतेक दिवस साडी नेसते. महिन्यातून दोनदा येताना बाजारातून म्हशीसाठी पेंडीची पिशवी आणावी लागते. शिवाय आठवड्यातून एक-दोन दिवस काम लांबते, गाडी चुकते आणि मी बसने परतते. या सगळ्याला एकच फोल्डिंग सायकल पुरेल का, म्हणजे जुनी मोठी सायकल विकून टाकता येईल का? ज्यांनी प्रत्यक्ष वापरली आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उद्यमबाग_निवृत्त

ताई, नमस्कार. मी उद्यमबागेतील एका फाउंड्रीत उभी हयात घालवली आणि आता घरी बसून शेजारपाजाऱ्यांच्या सायकली दुरुस्त करून देतो. त्यामुळे यंत्राच्या अंगाने जे कळते, ते लिहितो.

लहान चाकाला जास्त पायडल मारावे लागते, हा समज फार जुना आहे आणि तो खरा नाही. सायकल एका पायडलात किती पुढे जाते, हे एकट्या चाकावर ठरत नाही. पुढच्या चेनव्हीलचे दाते, मागच्या फ्रीव्हीलचे दाते आणि चाकाचा घेर या तिन्हींवर ते ठरते. आपल्या नेहमीच्या २८ इंची काळ्या सायकलीला पुढे ४४ आणि मागे १८ दाते धरले, तर पायडलाच्या एका फेरीत चाक सुमारे अडीच वेळा फिरते आणि त्याचा घेर २.२ मीटर असल्यामुळे सायकल ५.४ मीटर पुढे जाते. २० इंची फोल्डिंगला बहुधा पुढे ५२ दात्यांचे मोठे चेनव्हील असते. मागे १४ दाते असतील तर चाक एका फेरीत ३.७ वेळा फिरते, घेर सुमारे दीड मीटर, म्हणजे साडेपाच मीटर झाले. पाय तेवढेच चालतात, अंतरही तेवढेच कापले जाते. इंग्लंडमध्ये अॅलेक्स मोल्टन यांनी १९६२ साली लहान चाकांची सायकल बाजारात आणली, तेव्हा याच गोष्टीवर बराच वाद झाला होता. चाके लहान असली तरी टायरमध्ये हवा भरपूर ठेवावी आणि धक्का खायला स्प्रिंग किंवा रबर द्यावे, हा त्यांच्या रचनेचा गाभा होता, आणि ती सायकल वेगात कमी पडली नाही.

तुमची खड्ड्यांची शंका मात्र अगदी रास्त आहे. पाच सेंटिमीटरची कड समोर आली, तर २८ इंची चाकाच्या व्यासाचा तो चौदावा हिस्सा असतो आणि २० इंची चाकाच्या व्यासाचा जवळजवळ दहावा. मोठे चाक त्या कडेवर चढते. लहान चाक तिच्यावर आपटते आणि तो धक्का मनगटापर्यंत येतो. बेळगावच्या कॅम्प भागातल्या सरळ डांबरी रस्त्यावर हा फरक तुम्हाला जाणवणारही नाही, गावच्या खडीवर मात्र तो रोज जाणवेल. त्यातच फोल्डिंगचा हँडलचा दांडा लांब आणि उंच असतो, तो थोडा लवतो, आणि लहान चाकामुळे हँडल चटकन वळते. पहिले आठ दिवस एक हात सोडून पदर सावरायला जाऊ नका.

आता बिजागरीविषयी, कारण माझ्या मते खरी काळजी तिथेच घ्यायची असते. साध्या सायकलीची नळी सलग असते. फोल्डिंगची मुख्य नळी मधोमध तोडून तिथे बिजागरी आणि खटका बसवलेला असतो आणि प्रत्येक खड्ड्याचा ताण त्या सांध्यातून जातो. धातू एका मोठ्या धक्क्याने क्वचित तुटतो. लहान लहान ताण लाखो वेळा बसले की वेल्डिंगच्या कडेला केसाएवढी चीर पडते आणि ती हळूहळू वाढत जाते. ती ओळखण्याची खूण सांगतो. बिजागरीच्या दोन्ही बाजूंना, नळी जिथे जोडली आहे तिथे, ओल्या फडक्याने धूळ पुसा आणि बॅटरीचा उजेड आडवा पाडून बघा. रंगावर बारीक रेघ दिसली आणि त्या रेघेतून तांबूस गंज पाझरलेला दिसला, तर ती सायकल त्या दिवसापासून वापरू नये. दुसरी परीक्षा अशी की पुढचा ब्रेक घट्ट दाबून धरावा आणि सायकल पुढे-मागे ढकलावी. बिजागरीतून ‘टक्’ असा आवाज आला किंवा बोट लावल्यावर दोन तोंडांत हालचाल लागली, तर खटक्याचा बोल्ट पाव फेरी आवळावा लागतो. खटका बंद करताना तळहाताला चांगला जोर लागला पाहिजे. दोन बोटांनी सहज बंद होणारा खटका सैल समजावा.

तरीही तुमच्या प्रश्नातली तुलना मला थोडी सरकवावीशी वाटते. घर ते स्टेशन हे काम तुमची मोठी सायकल आज चोख करते आहे. पेंडीची पिशवीही तिच्याच कॅरिअरवर येते. अडचण बेळगावातल्या पाच किलोमीटरची आहे आणि तिथे फोल्डिंगची गाठ रिक्षाशी आहे, मोठ्या सायकलीशी नाही. म्हणून आधी असा विचार करा: एखादी जुनी, साधी, बिनगिअरची सायकल घेऊन ती बेळगाव स्टेशनच्या सायकल स्टँडवर ठेवली तर? दोन्ही टोकांना एकेक मोठी सायकल, आणि गाडीत हात मोकळे. खर्च फोल्डिंगपेक्षा पुष्कळ कमी येईल.

निपाणी_नाका

आमच्याकडे फोल्डिंग आहे. ती मोटारीच्या डिकीत टाकून नेण्यासाठी आणि तिसऱ्या मजल्यावरच्या घरात ठेवण्यासाठी घेतली होती. या दोन्ही कामांना ती उत्तम आहे. निपाणीत बाजारहाट करायला मात्र घरातले सगळे जण खाली लावलेली मोठी सायकलच काढतात, कारण ती काढायला घडी उलगडावी लागत नाही. याहून जास्त माझा अनुभव नाही.

शहापूरची_शिक्षिका

ताई, तुमचा प्रश्न वाचून मला माझी चार वर्षे आठवली. माझी शाळा हत्तरगीच्या पुढे, हायवेवरच्या थांब्यापासून चार किलोमीटर आत होती. बेळगावातल्या शहापूरहून बसस्थानक, तिथून बस, आणि थांब्यापासून शाळेपर्यंत फोल्डिंग सायकल, असा माझा रोजचा क्रम होता. मोठी सायकल त्या थांब्यावर ठेवायला ना छप्पर होते ना राखण करणारे कोणी. त्यामुळे वरचे दादा सांगतात तो दोन सायकलींचा मार्ग मला उपलब्धच नव्हता.

साडीचे आधी सांगते. फोल्डिंगची मधली नळी गुडघ्याच्याही खाली असते, त्यामुळे चढता-उतरताना लेडीज सायकलपेक्षाही ती सोयीची पडते. चेनवर मात्र पूर्ण झाकण असलेली क्वचितच मिळते, बहुतेकींना चेनव्हीलभोवती नुसती कडी असते. निऱ्या डाव्या बाजूला ओढून कमरेला खोचण्याची सवय मला लावून घ्यावी लागली. मागच्या चाकाला जाळी मी वडगावातल्या एका वेल्डिंगवाल्याकडून करून घेतली.

वजन साधारण तेरा किलो. ऐकायला कमी वाटते, पण २५ किलोच्या तांदळाच्या पिशवीतला निम्मा तांदूळ एका हातात उचलून बसच्या पायऱ्या चढायच्या आहेत असे समजा. पाच पावले काहीच नाही. स्टेशनचा जिना चढून पलीकडच्या फलाटावर जायचे असेल तर ती जड होते. म्हणून घडी घातल्यावरही चाकांवर ढकलत नेता येते का, हे दुकानातच करून बघावे. काही सायकली घडी घातल्यावर नुसत्या उचलाव्याच लागतात, आणि त्या रोजच्या प्रवासाला माझ्या मते उपयोगाच्या नाहीत.

बसमध्ये सुरुवातीला अडचण झाली. पहिल्याच आठवड्यात कंडक्टरने कन्नडमध्ये विचारले, “अक्का, इदु सैकल्ला, लगेजा?” म्हणजे ही सायकल आहे की सामान? त्यांचेही चूक नव्हते, कारण चेनचे काळे तेल शेजारच्या बाईच्या साडीला लागले असते तर भांडण त्यांनाच निस्तरावे लागले असते. त्याच रविवारी मी जुन्या जाड चादरीची नाडी ओढून बंद होणारी पिशवी शिवली. सायकल तिच्यात गेली की ते सामान झाले आणि पुन्हा कोणी हटकले नाही. रेल्वेचेही हेच लक्षात ठेवा. डब्यात न्यायच्या ट्रंका आणि सुटकेस यांच्यासाठी १०० × ६० × २५ सेंटिमीटर हे माप ठरलेले आहे, आणि २० इंची सायकलीची घडी साधारण ८० × ६५ × ३५ होते. म्हणजे लांबीत बसली तरी रुंदी आणि जाडीत ती थोडी बाहेर जाते. उघडी सायकल दिसली तर ती ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे सामानाच्या डब्यात, बुक करा असे सांगितले जाऊ शकते. पिशवीत घाला, वाटेत ठेवू नका, आणि कोणी हरकत घेतलीच तर वाद घालू नका.

दोनदा मी पडता पडता वाचले, तेही लिहिते, म्हणजे तुम्हाला उपयोग होईल. एकदा बसमधून घाईत उतरले, सायकल उलगडली आणि हँडलच्या दांड्याचा खटका पूर्ण बसला आहे की नाही हे न बघताच निघाले. शंभर पावलांवर गतिरोधक होता. चाक त्यावर आदळताच हँडल माझ्या छातीकडे आले. वेग नव्हता म्हणून पाय टेकता आले. तेव्हापासून बसायच्या आधी तीन ठिकाणी हात लावायचा, मधली बिजागरी, हँडलचा खटका आणि सीटची कडी, असा नेमच केला. दुसरा प्रसंग सर्व्हिसिंगनंतरचा. दुरुस्तीवाल्याने आपुलकीने सीटच्या दांड्यालाही ग्रीस लावले, आणि मी बसले की सीट हळूहळू खाली जाऊ लागली. साध्या सायकलीचा सीटचा दांडा अडकून बसू नये म्हणून ग्रीस लावतात ते ठीक, पण फोल्डिंगचा दांडा रोज वर-खाली होतो आणि तो केवळ पकडीवर उभा असतो. तो कोरडा आणि स्वच्छच हवा. आपल्या उंचीला योग्य जागी त्यावर पक्क्या रंगाची एक रेघ मारून ठेवली की रोज चाचपडावे लागत नाही.

टायरबद्दल एक सूचना. टायरच्या बाजूला ४७-४०६ असा आकडा उठवलेला असतो. त्यातला ४०६, म्हणजे टायर बसतो त्या रिमचा मिलिमीटरमधला व्यास, महत्त्वाचा. मुलांच्या बहुतेक २० इंची सायकलींना हेच माप लागते, त्यामुळे गावातल्या साध्या दुकानातही टायर-ट्यूब मिळते. पण २० इंचीच म्हणवणारे ४५१ मापाचे टायरही असतात आणि ते या रिमवर चढत नाहीत. १६ इंचीत तर आणखी घोळ आहे: मुलांच्या सायकलीचे माप ३०५, आणि लंडनची प्रसिद्ध ब्रॉम्प्टन सायकल वापरते ते ३४९. म्हणून घडी लहान होते या मोहाने १६ इंची घेऊ नका. खानापुरात पंक्चरपेक्षा मोठे काही झाले तर सायकल आठवडाभर भिंतीला टेकून राहील.

गेल्या जूनमध्ये माझी बदली शहरात झाली. आता शाळा घरापासून दीड किलोमीटरवर आहे आणि मी पुन्हा माझी मोठी सायकल वापरते. फोल्डिंग तेव्हापासून जिन्याखाली उभी आहे. चार वर्षे जिच्यावाचून माझे एक दिवस चालत नव्हते, ती बस सुटल्याबरोबर बाजूला पडली, हे मला स्वतःलाही बोलके वाटते. तुम्हाला हवी असेल तर काही दिवस नेऊन वापरून बघा. विकत घ्यायची की नाही, ते नंतर ठरवू.

जांबोटी_रस्ता

मी सुट्टीच्या दिवशी जांबोटी, कणकुंबीपर्यंत आणि कधी चोर्ल्यापर्यंत सायकलने जातो, त्यामुळे माझे मत लांबच्या आणि चढउताराच्या रस्त्यांपुरते समजावे. जुनी सायकल विकू नका, एवढे मी ठामपणे सांगेन.

उतारावर रिमला ब्रेक रबर घासते आणि उष्णता तयार होते. मोठ्या चाकाची रिम लांब असते, त्यामुळे ती उष्णता पसरते आणि वाऱ्याने निवते. लहान रिममध्ये धातूच कमी, शिवाय तेवढेच अंतर जाताना ती जास्त वेळा फिरते, म्हणून लांब घाटात ती लवकर तापते. तुमच्या पाच किलोमीटरच्या वाटेवर असा उतार नाही, हे मान्य आहे, पण एकदा सायकल घरात आली की माणूस तिला दूरही नेतो, म्हणून लिहिले.

पावसाळ्याचे मात्र थेट तुमच्याशी संबंधित आहे. गिअरच्या फोल्डिंग सायकलीत चेन ताणून धरणारा मागचा सांगाडा जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीवर लोंबतो. मृगाचा पाऊस सुरू झाला की आपल्या तालुक्यातला तांबडा चिखल आणि त्यातली बारीक वाळू थेट त्यात जाते, आणि चेन दळण दळल्यासारखी वाजू लागते. तुमची वाट सपाट असेल तर बिनगिअरची घ्या, किंवा गिअर मागच्या हबच्या आत बंद असलेली मिळाली तर उत्तम. सहा-सात गिअरचा आग्रह धरू नका.

उद्यमबागच्या काकांच्या दोन सायकलींच्या सूचनेशी मी आदरपूर्वक असहमत आहे. मी दोन वर्षे तसे केले आहे. रात्रभर आणि रविवारभर बाहेर उभ्या राहिलेल्या सायकलीचे आधी सीट गेले, मग दिवा गेला, आणि पावसात चेन इतकी गंजली की सोमवारी सकाळी पाच मिनिटे ती मोकळी करण्यात जात. त्याहून मोठी गोष्ट ताईंनी स्वतःच लिहिली आहे: काम लांबले की त्या बसने परततात. त्या दिवशी बेळगावची सायकल कार्यालयात राहील आणि खानापूरची स्टेशनवर, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही टोकांना पायपीट होईल. परतीची वाट रोज एकच नसेल, तर सायकल माणसाबरोबर फिरणारीच हवी.

उद्यमबाग_निवृत्त

जांबोटीकर म्हणतात ते मला पटले. परतीचा बदलता मार्ग माझ्या ध्यानातून सुटला होता. माझी दोन सायकलींची सूचना ज्यांची येण्याजाण्याची गाडी ठरलेली आहे, त्यांच्यापुरती धरावी.

मात्र भाराविषयी एक गोष्ट राहिली. बहुतेक फोल्डिंग सायकलींवर बसणारा आणि सामान मिळून १०० ते ११० किलोची मर्यादा दिलेली असते. आपल्याकडे काळ्या सायकलीच्या कॅरिअरवर दुधाचे दोन कॅन आणि वर गवताचा भारा लादून माणसे कांग्राळीहून बेळगावात येत, ते बघण्याची आपल्याला सवय आहे, आणि त्यामुळे मर्यादा ही गोष्ट आपण मनावर घेत नाही. फोल्डिंगचे कॅरिअर खाली आणि आखूड असते. त्यावर पेंडीची पिशवी टाकली तर टाच पिशवीला लागते आणि सगळा भार मागच्या चाकामागे जाऊन पुढचे चाक हलके होते. पेंड मोठ्या सायकलीवरच आणा.

मलप्रभाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. शहापूरच्या ताईंकडून मी सायकल आणली आणि दहा दिवस वापरली. आता जे वाटले ते लिहिते, म्हणजे पुढे कोणाला हाच प्रश्न पडला तर उपयोग होईल.

पहिल्या दिवशी मी ती घरापासूनच चालवत आणली आणि तिथेच गावच्या रस्त्याचे उत्तर मिळाले. तीन किलोमीटरला रोजच्यापेक्षा सात-आठ मिनिटे जास्त लागली आणि स्टेशनवर उतरले तेव्हा दोन्ही तळहात झिणझिणत होते. मोठ्या सायकलीवर ज्या खडीची मला जाणीवही नसते, तिथे मी प्रत्येक दगड बघत चालले होते. दुसऱ्या दिवसापासून घडी घातलेली सायकल मोठीच्या कॅरिअरवर आडवी बांधून आणू लागले. जुन्या ट्यूबच्या दोन पट्ट्यांनी ती घट्ट बसते. हे इथे कोणीच सुचवले नव्हते, पण मला ते फार सोयीचे वाटले.

गाडीत चढताना पिशवीचा फायदा झाला. दाराजवळच्या मोकळ्या जागेत, भिंतीला टेकवून, मी स्वतः पुढे उभी राहिले की ती कोणाच्या पायात येत नाही. इदलहोंड आणि देसूरला गर्दी चढते तेव्हा मात्र तिला एका हाताने धरून ठेवावे लागते, म्हणजे बसायला जागा मिळाली तरी सोडावी लागते. २५ किलोमीटर उभ्याने जाणे ही या सायकलीची खरी किंमत आहे, असे मला वाटले. दहापैकी सात दिवस मी उभी होते.

बेळगावचे पाच किलोमीटर मात्र मला जसे हवे होते तसेच झाले. स्टेशनबाहेर सायकल उलगडायला मिनिटभर पुरते. कॅम्पमधून झाडांच्या सावलीतून वेंगुर्ला रस्त्याला लागायचे आणि हिंडलगा गणपतीवरून पुढे, साधारण २५ मिनिटांत कार्यालय. पाय भरून येतात वगैरे काही झाले नाही. चेनव्हीलचे दाते मी खरेच मोजले, ५२ आहेत. एका संध्याकाळी सात वाजून गेले, एका सहकारी ताईंनी त्यांच्या मोटारीतून बसस्थानकापर्यंत सोडले, आणि सायकल डिकीत आली. त्या दिवशी मला जांबोटीकर दादांचे म्हणणे पूर्ण पटले. खानापूर बसस्थानकावर उतरून मी तशीच फोल्डिंगने स्टेशनजवळच्या दुकानाशी गेले, मोठी सायकल काढली, लहान तिच्यावर बांधली आणि घरी आले.

मोठी सायकल विकत नाही. ताईंची फोल्डिंग घेण्याचे ठरवले आहे. एकच गोष्ट खटकते आहे: उद्यमबागच्या काकांनी सांगितल्याप्रमाणे मी पुढचा ब्रेक दाबून सायकल ढकलून बघितली, आणि आवाज येत नाही, पण मधल्या बिजागरीवर बोट ठेवले की किंचित काहीतरी हलल्यासारखे वाटते. रंगावर रेघ दिसली नाही. खटका बंद करताना जोरही फारसा लागत नाही. पैसे देण्याआधी आपण एकदा बघाल का, काका? मी रविवारी ती घेऊन शहापूरला येणारच आहे.

शहापूरची_शिक्षिका

ताई, बघून घेतल्याशिवाय मी पैसे घेणार नाही. चार वर्षांत मी तो बोल्ट एकदाही आवळलेला नाही, हे मला आताच लक्षात आले. मी पण तुमच्याबरोबर येते.

उद्यमबाग_निवृत्त

दोघीही या, सकाळी दहानंतर घरीच आहे. तुम्ही लिहिले आहे त्यावरून खटक्याचा बोल्ट सैल असावा, आणि तसे असेल तर दहा मिनिटांचे काम आहे. पण बिजागरीची पिन काढून तिची झीज मोजल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. पिन झिजली असेल तर ती लेथवर नवीन करून घेऊ. माझ्या ओळखीचा टर्नर जवळच आहे. तोवर, म्हणजे रविवारपर्यंत, ती सायकल चालवू नका, गाडीतूनच आणा. येताना मोठी सायकल आणायची गरज नाही, पण तिच्या मागच्या चाकाचे आरे एकदा हाताने दाबून बघा. तेरा किलोची सायकल रोज तिच्या कॅरिअरवर येणार असेल, तर सैल आरे आताच आवळून घेतलेले बरे.